नाचणीतली लिपिड ट्रान्सफर प्रोटीन्स: एक यादी मोडून परत कशी लावली

पार्श्वभूमी

ही केस महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठातली आहे. विभागाचं, गाईड मॅडमचं आणि पीएचडी करणाऱ्या मुलीचं नाव देत नाहीये, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, पण विज्ञानाचा भाग जसा घडला तसाच ठेवलाय. मी त्याच विभागात सिक्वेन्स डेटाची कामं बघतो, त्यामुळे जीनची यादी मोडताना आणि परत लावताना सोबत बसलो होतो.

विषय होता नाचणीतली नॉन-स्पेसिफिक लिपिड ट्रान्सफर प्रोटीन्स, म्हणजे लिपिड (स्निग्ध रेणू) वाहून नेणारी प्रोटीन्स, पुढे नुसतं एलटीपी म्हणतो. नाचणीचा जीनोम २०१७ मधे आला, भात-गहू-मक्याच्या मानाने तिच्यावर काम फार कमी झालंय, आणि एलटीपींचा संबंध पानावरच्या मेणाच्या थराशी आणि रोगाला तोंड द्यायच्या यंत्रणेशी लागतो, म्हणजे कोरडवाहू पिकासाठी हा विषय अगदी योग्य होता. मॅडमनी सिनॉप्सिसमधे पहिलं उद्दिष्ट लिहिलं होतं: सगळे एलटीपी जीन शोधणे आणि त्यांचं वर्गीकरण करणे. वाचायला एका ओळीचं काम वाटतं, प्रत्यक्षात त्या मुलीचं सगळ्यात जास्त डोकं याच ओळीने खाल्लं.

ज्यांचा या प्रोटीनशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७५ मधे फ्रान्समधे ज्याँ-क्लोद कादेर यांनी बटाट्यातल्या अशा प्रोटीनचं काम मांडलं जे टेस्ट ट्यूबमधे एका पटलावरचे फॉस्फोलिपिड दुसऱ्या पटलावर नेऊन ठेवतं. एकाच जातीचा लिपिड लागतो असं नाही, बरेच चालतात, म्हणून नॉन-स्पेसिफिक. नंतर कळलं की यांच्या जीनला पुढे सिग्नल पेप्टाइड, म्हणजे पत्त्याचं काम करून कापला जाणारा छोटा तुकडा, असतं आणि ही प्रोटीन्स पेशीच्या बाहेर पाठवली जातात, मग आतल्या आत लिपिड वाहायचं काम ती कसं करणार हा प्रश्न आला आणि सगळं संशोधन मेण, क्युटिकल, संरक्षण या बाजूला वळलं.

रचना बघितली की मन हरखतं. इतकं छोटं प्रोटीन, आत चार अल्फा हेलिक्स, आणि त्या चार डायसल्फाइड बॉन्डच्या टाक्यांनी एकमेकींना शिवलेल्या, मधे तेलकट पोकळी, त्या पोकळीत लिपिडची शेपटी जाऊन बसते. प्रत्येक टाका दोन सिस्टीन या अमिनो आम्लांमधे पडतो, आणि आठ सिस्टीन ठरलेल्या क्रमाने येतात: एक, मग एक, मग दोन जोडून, मग दोघांच्या मधे एकच अमिनो आम्ल असलेली जोडी, मग एक, आणि शेवटी एक. यालाच आठ सिस्टीनचा मोटिफ म्हणतात. उकळलं तरी आणि पेप्सिनमधे ठेवलं तरी हे प्रोटीन सहज मोडत नाही ते या टाक्यांमुळेच, बार्लीचं एलटीपी बिअर बनायच्या सगळ्या प्रक्रियेतून जाऊन फेसात सापडतं.

अडचण

तिने सुरुवात बहुतेक जण करतात तशीच केली. पीफॅम या डेटाबेसमधले दोन डोमेन (प्रोटीनचे ओळखीचे भाग) घेतले, पीएफ ००२३४ आणि पीएफ १४३६८, नाचणीच्या सगळ्या प्रोटीन सिक्वेन्सवर चालवले, जे मिळालं ते घेतलं, वर ॲनोटेशनमधे (जीनला दिलेल्या वर्णनात) लिपिड ट्रान्सफर हे शब्द शोधून जे आलं तेही जोडलं. मग अलाइनमेंट (सिक्वेन्स एकाखाली एक जुळवणं), जीनची नाती दाखवणारं झाड, फांद्यांना रंग, आणि प्रत्येक जीनला भाताच्या सगळ्यात जवळच्या जीनचा टाइप देऊन टाकला. पोस्टर देखणं झालं होतं.

प्रोग्रेस प्रेझेंटेशनला बाहेरून आलेले तज्ज्ञ सर बसले होते. त्यांनी झाडाच्या एका फांदीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "अहो, हे तर नाचणीचं आरबीआय आहे, हे एलटीपीत काय करतंय?"

आरबीआय म्हणजे रागी बायफंक्शनल इनहिबिटर, एकाच वेळी अमायलेज आणि ट्रिप्सिन ही पिष्ट आणि प्रोटीन पचवणारी दोन्ही एन्झाइम अडवणारं प्रोटीन. १९८१ मधे मणिपालच्या शिवराज आणि पट्टाबिरामन यांनी त्याचं वर्णन केलं, १९९८ मधे पिवळ्या मीलवर्म किड्याच्या अमायलेजला चिकटलेल्या अवस्थेत त्याची स्फटिक रचना आली. नाचणीतलं बहुधा सगळ्यात जास्त अभ्यासलेलं प्रोटीन. ते १२२ अमिनो आम्लांचं आहे आणि त्यात डायसल्फाइड बॉन्ड पाच आहेत, म्हणजे सिस्टीन दहा. एलटीपी ते नव्हेच.

ती म्हणाली, "सर, डेटाबेसमधे डोमेनचं नावच तसं आहे." आणि ते खरंच तसं आहे. इंटरप्रो या डेटाबेसमधे त्या डोमेनचं नाव बायफंक्शनल इनहिबिटर, प्लांट लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, सीड स्टोरेज हेलिकल डोमेन असं एका दमात लिहिलेलं आहे, कारण हे सगळे प्रोलॅमिन सुपरफॅमिलीतले भाऊबंद आहेत, एलटीपी, २एस अल्ब्युमिन (बियांतलं साठवणीचं प्रोटीन), अमायलेज-ट्रिप्सिन इनहिबिटर, सगळ्यांचा सांगाडा हेलिक्सचा आणि सिस्टीनची मांडणी मिळतीजुळती. डोमेन सापडणं म्हणजे घराणं कळणं, त्यातला नेमका माणूस कोण हे त्यातून कळत नाही. तिची काही चूक होती असं मी म्हणणार नाही, स्टँडर्ड पाइपलाइन हेच करायला शिकवते.

नंतर यादी उघडून बसलो तर आणखी पाहुणे निघाले. शब्द शोधून आणलेल्यांत एससीपी२ डोमेनवाली प्रोटीन्स होती. प्राण्यांतल्या स्टेरॉल कॅरिअर प्रोटीन २ ला पण नॉन-स्पेसिफिक लिपिड ट्रान्सफर प्रोटीन म्हणत आलेत, पण त्याची घडी (साखळी दुमडून होणारा आकार) पूर्ण वेगळी, आठ सिस्टीनचा मोटिफ नाही, डायसल्फाइडची शिवण नाही. माणसाच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहणारं सीईटीपी तर त्याहून वेगळं, बाकदार लांब आकाराचं मोठं प्रोटीन, त्याची रचना २००७ मधे आली. लिपिड वाहून नेणं हे काम उत्क्रांतीत अनेक वेगवेगळ्या घड्यांनी स्वतंत्रपणे उचललंय, म्हणून कामावरून वर्ग ठरवायला गेलं की असं होतं. शिवाय सुरुवातीला प्रोलीनची लांब शेपटी आणि मागे आठ सिस्टीन असलेली हायब्रिड प्रोलीन-रिच प्रोटीन्स पण यादीत होती.

आणि या सगळ्याच्या वर सारांशात एक वाक्य होतं, की नाचणीत ॲलर्जी करू शकणारी एलटीपी मोठ्या संख्येने आहेत. आपल्याकडे बाळाला वरचं सुरू करताना नाचणीचं सत्त्व देतात. हे वाक्य छापून आलं असतं तर त्याचा अर्थ लॅबच्या बाहेर कसा लावला गेला असता याची मला खरंच काळजी वाटली.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, आरबीआय आणि उघड दिसणारे दोनचार काढायचे आणि झाड तसंच ठेवायचं. वेळ वाचला असता. पण आरबीआय प्रसिद्ध होतं म्हणून पकडलं गेलं, त्याच्यासारखी अप्रसिद्ध किती आत बसलीत ते झाड सांगणार नव्हतं. इतक्या छोट्या सिक्वेन्सचं झाड तसंही नाजूक असतं, नव्वद-एक अमिनो आम्लं, त्यातली सिस्टीन सगळ्यांत सारखी, बाकीचा भाग भरभर बदलणारा, त्यामुळे आतल्या फांद्यांना आधार कमीच मिळतो.

दुसरा पर्याय, बूत्रो आणि सहकाऱ्यांची २००८ ची पद्धत. त्यांनी भातात ५२, अरॅबिडोप्सिसमधे ४९ जीन मोजले, गव्हाचे ईएसटी (व्यक्त झालेल्या जीनचे वाचलेले तुकडे) चाळून १५६ मिळवले, आणि नऊ टाइप पाडले, सिक्वेन्स किती सारखा आणि सिस्टीनमधली अंतरं किती यावर. गवत कुळातल्या पिकासाठी तुलना थेट होते हा मोठा फायदा.

तिसरा, एडस्टाम आणि सहकाऱ्यांची २०११ ची पद्धत. यात सिस्टीनच्या अंतरांबरोबर इंट्रॉन (जीनमधला प्रोटीनमधे न उतरणारा तुकडा) कुठे आहे आणि मागे जीपीआय अँकर (प्रोटीनला पेशीच्या पटलाला बांधणारी लिपिडची शेपटी) लागतो का हेही बघतात, गटांना एलटीपी१, एलटीपी२, एलटीपीसी, एलटीपीडी, एलटीपीजी अशी नावं आणि काही छोटे गट. शेवाळासारख्या मॉसमधे पण डी आणि जी गट सापडतात, म्हणजे ही वर्गवारी वनस्पतींच्या इतिहासाला धरून चालते.

चौथा पर्याय तिने स्वतः सुचवला, सगळ्यांचे अल्फाफोल्डने (सिक्वेन्सवरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामने) मॉडेल बनवायचे आणि आकारावरून गट पाडायचे.

मॅडमना दुसरा हवा होता कारण पेपर वाचणाऱ्यांना तो माहितीचा, मला तिसरा हवा होता कारण जीपीआयवाले जीन मेणाच्या कामाशी सगळ्यात जवळचे, अरॅबिडोप्सिसमधलं एलटीपीजी१ मेण बाहेर पोचवण्यात लागतं हे २००९ मधे दाखवलं गेलंय आणि कोरडवाहू पिकात तेच तर बघायचं होतं. बरीच चर्चा झाली. शेवटी तिसरी पद्धत मुख्य आणि जिथे जुळतं तिथे शेजारच्या कॉलममधे बूत्रोचा टाइप, असं ठरलं. दोन पद्धती सरमिसळ करून तिसरीच नावं काढायची नाहीत हेही तेव्हाच लिहून ठेवलं.

काय केलं

सगळ्यात आधी व्याख्या एका पानावर लिहिली: पुढे सिग्नल पेप्टाइड हवं, ते कापल्यावर उरलेल्या भागात आठ सिस्टीन ठरलेल्या मांडणीत हवेत, प्रोलीनची लांब शेपटी नको, २एस अल्ब्युमिन आणि इनहिबिटरशी जास्त जवळीक नको. हे पान मॅडमच्या सहीने फाईलला लावलं, कारण नंतर एखादा आवडता जीन वाचवायला व्याख्या वाकवायचा मोह होतोच.

पहिला निर्णय सिग्नल पेप्टाइड कापायचा. जुन्या यादीत तिने दहा किलोडाल्टनच्या वरचं बरंचसं गाळलं होतं, पेपरमधे एलटीपी ९ किंवा ७ किलोडाल्टनचं असतं असं वाचून. पण डेटाबेसमधला सिक्वेन्स पूर्ण असतो. मक्याचंच घ्या, पूर्ण १२० अमिनो आम्लं, त्यातली पुढची २७ सिग्नलची, तयार प्रोटीन ९३ चं. न कापता वजन लावलं तर मक्याचं हे अस्सल एलटीपीसुद्धा बाहेर गेलं असतं, आणि नाचणीतली तशीच कितीतरी गेली होती. अल्फाफोल्डच्या मॉडेलमधे तिला पाचवी हेलिक्स दिसत होती आणि ती त्याला नवीन रचना समजून खूश होती, ती पाचवी हेलिक्स म्हणजे न कापलेलं सिग्नल पेप्टाइडच होतं. कापून परत मॉडेल केलं, चारच राहिल्या.

दुसरं, अंतरं हाताने मोजली. स्क्रिप्ट होतीच, पण मी तिला दोन सिक्वेन्स कागदावर लिहून मोजायला लावले आणि प्रत्येक नवीन विद्यार्थ्याने हे एकदा करावं असं माझं मत आहे. मक्याच्या एलटीपी१ मधे सिस्टीन येतात ४, १४, २९, ३०, ५०, ५२, ७५ आणि ८९ या जागांवर. म्हणजे मधली अंतरं ९, १४, मग जोडी, मग १९, मग एकच अमिनो आम्ल, मग २२, मग १३. आता भाताचं एलटीपी२, एकूण ६९ अमिनो आम्लं, सिस्टीन ३, ११, २५, २६, ३५, ३७, ६१, ६८ वर. अंतरं ७, १३, जोडी, ८, एक, २३, ६. जोडीनंतरचं अंतर बघा, एकात १९ आणि दुसऱ्यात ८, इतका फरक डोळ्याला लगेच दिसतो, झाड लागतच नाही.

मग त्या एका अमिनो आम्लाकडे बघायला सांगितलं, पाचव्या आणि सहाव्या सिस्टीनच्या मधल्या. मक्यात तिथे ॲस्परजिन आहे, पाण्याकडे तोंड करणारं. भाताच्या एलटीपी२ मधे फिनाइलॲलानिन आहे, तेलकट, आत वळणारं. आणि गंमत म्हणजे शिवणसुद्धा तिथेच बदलते: एलटीपी१ मधे पहिला सिस्टीन सहाव्याशी आणि पाचवा आठव्याशी जोडलेला, एलटीपी२ मधे पहिला पाचव्याशी आणि सहावा आठव्याशी. दुसरा-तिसरा आणि चौथा-सातवा दोन्हीकडे सारखेच. एवढ्याशा बदलाने पोकळीचा आकार वेगळा होतो, एलटीपी१ मधे लांब बोगदा, एलटीपी२ मधे तिकोनी, जास्त लवचिक जागा जिच्यात स्टेरॉलसारखा ताठ रेणूसुद्धा मावू शकतो. हे तिला कागदावर दिसलं तेव्हा ती म्हणाली, "मग टाइप म्हणजे नुसता रंग नाहीये." त्यानंतर तिला मागे लागून काही सांगावं लागलं नाही.

तिसरा निर्णय जास्त वादाचा होता: सात सिस्टीनवाल्यांचं काय करायचं? व्याख्येप्रमाणे बाहेर. पण नाचणी टेट्राप्लॉइड (क्रोमोसोमचे चार संच असलेली) आहे, ३६ क्रोमोसोम, ए आणि बी असे दोन उपजीनोम, आणि एलटीपीचे जीन बऱ्याचदा एकाच जागी ओळीने बसलेले, त्यामुळे जीन मॉडेल बनवताना दोन शेजारी एकात जोडले जातात किंवा एखाद्याचा तुकडा पडतो. सरसकट फेकण्याऐवजी संशयितांवर आरएनए रीड्स (पेशीत खरंच बनलेल्या आरएनएचे वाचलेले तुकडे) लावून बघितले. काहींचं मॉडेल खरंच अर्धवट होतं, दुरुस्त केल्यावर आठवा सिस्टीन मिळाला. काहींत तो खरोखर नव्हता, ती बाहेर गेली. एका लांबलचक जीनमधे तर दोन पूर्ण एलटीपी सलग चिकटवलेली निघाली. याला खूप वेळ गेला आणि मॅडमचा धीर सुटत आला होता, पण माझ्या मते अख्ख्या कामातला हा सगळ्यात कसदार भाग.

ए आणि बी उपजीनोममधल्या जुळ्या प्रती जोडी म्हणून नोंदल्या, वेगळे डुप्लिकेशन म्हणून मोजल्या नाहीत, नाहीतर इतर पिकांशी संख्येची तुलना करण्यात अर्थच राहिला नसता.

जीपीआय अँकरसाठी दोन वेगळे प्रेडिक्टर चालवले, दोघांचं एकमत असेल तरच एलटीपीजी म्हटलं. हे जीन आधीच्या यादीत लांबीमुळे गळाले होते, ते परत आले.

निष्पत्ती

यादी बरीच आखूड झाली, आणि त्यातले काही जीन जुन्या यादीत नव्हतेच. प्रत्येक जीनसमोर गट, शेजारी बूत्रोचा टाइप, आणि खात्री किती याचा एक कॉलम आला. काही कुठेच बसले नाहीत, त्यांना अवर्गीकृत म्हणून ठेवलं. मॅडमना ते खटकत होतं, थेसिसमधे अवर्गीकृत म्हणजे काम अपुरं दिसतं असं त्यांचं म्हणणं, पण बाहेरच्या सरांनी पुढच्या प्रेझेंटेशनला नेमकं त्याच कॉलमचं कौतुक केलं.

आरबीआय आणि त्याच्या नात्यातली प्रोटीन्स झाडात ठेवली, पण बाहेरचा गट म्हणून, नाव लिहून.

ॲलर्जीचं वाक्य काढलं. यावर तिच्यात आणि मॅडममधे थोडी ओढाताण झाली. मॅडमचं म्हणणं होतं की पीचचं प्रू पी ३, मक्याचं झी एम १४, गव्हाचं ट्राय ए १४ ही सगळी एलटीपी आहेत, मग नाचणीचं का नसावं? ही नोंदलेली ॲलर्जन बहुतेक एलटीपी१ गटातली आहेत हे बरोबर, पण सिक्वेन्स मिळताजुळता असणं आणि माणसाच्या रक्तातल्या आयजीईने (ॲलर्जीतल्या अँटिबॉडीने) ते ओळखणं यात पेशंटचा सीरम लागतो, तो आपल्याकडे नव्हता. शेवटी फक्त एवढंच लिहिलं की एलटीपी१ गटाचे सदस्य नाचणीत आहेत आणि त्यांच्या ॲलर्जीच्या गुणांची चाचणी झालेली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

व्याख्येचं पान पहिल्याच महिन्यात लिहायला हवं होतं, सिनॉप्सिसबरोबरच. तिथे एका ओळीऐवजी अर्धं पान असतं तर झाडाचं पोस्टर कधी बनलंच नसतं. आणि बाहेरचे गट, म्हणजे आरबीआय, एखादं २एस अल्ब्युमिन, एखादं प्रोलीन-रिच, हे मुद्दाम पहिल्या अलाइनमेंटमधेच टाकायला हवे होते, मग एलटीपी म्हणून घेतलेला एखादा जीन त्यांच्याजवळ जाऊन बसला की लगेच दिसलं असतं.

अल्फाफोल्डवर तिचा खूप भर होता आणि मॉडेल चांगलेच आले, पण पाचवा-सहावा सिस्टीन इतके जवळ असतात की मॉडेलमधे पहिला नक्की कोणाशी जोडलाय हे काही जीनसाठी दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं. तिथे मॉडेल बघून गट द्यायचा नाही, अंतरांवरून द्यायचा, हा नियम आम्ही उशिरा केला.

खरी शिवण बघायची तर प्रोटीन दाण्यातून काढून मास स्पेक्ट्रोमीटरवर न्यावं लागेल. चार बॉन्ड असले की रिड्यूस केल्यावर (बॉन्ड तोडल्यावर) वजन साधारण ८ डाल्टनने वाढतं, आणि रिड्यूस करून आयोडोॲसिटमाइड (सुट्या सिस्टीनला चिकटणारं रसायन) लावलं की आणखी आठ सिस्टीनचे आठ गुणिले ५७ म्हणजे ४५६, एवढ्यावरून आठही सिस्टीन बांधलेले होते का ते कळतं. पण कोण कोणाशी हे ट्रिप्सिनने कापून कळणार नाही, कारण पाचवा आणि सहावा एकाच पेप्टाइडमधे येतात, मधलं ॲस्परजिन किंवा फिनाइलॲलानिन ट्रिप्सिन कापत नाही. अर्धवट रिडक्शन करून एकेक बॉन्ड उघडत जावं लागेल. मॅडमनी यासाठी अवर्गीकृतमधला एक जीन निवडलाय, जोडीनंतरचं अंतर एलटीपी२ च्या जवळ जाणारं पण मधलं अमिनो आम्ल पाण्याकडचं. माझं मत होतं की आधी सरळ एलटीपी१ वर पद्धत बसवून घ्यावी आणि मग हा अवघड घ्यावा, सध्या तरी तिने माझं ऐकलंय आणि एक्स्ट्रॅक्शनचं काम एलटीपी१ पासून सुरू केलंय.